सीओईपीत (पुण्याचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज) मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, घेऊ की खासगी कॉलेजात कॉम्प्युटर?

कोडिंगची खरी आवड असेल तर कॉम्प्युटर घे. पण 'सगळे घेतात म्हणून' असेल, तर मी डोळे झाकून सीओईपी म्हणेन. १८५४ पासूनची संस्था, २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ. आणि धातूचे सुटे भाग बनवणारी भारत फोर्ज कंपनी पुण्यातच, म्हणजे धातूवाल्यांना काम दारात. पुढे शाखा बदलता येईल या भरवशावर मात्र जाऊ नकोस.

खासगी कॉलेज एकदा कामाच्या दिवशी बघून ये. माझ्या भाचीसोबत गेलो तेव्हा एका वर्कशॉपमधल्या लेथवर बोटभर धूळ होती! तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी कँटीनमध्ये बोल.

आणि हो, कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप फ्रीज होतो, म्हणजे तीच जागा पक्की धरली जाते, त्यामुळे क्रम नीट लाव.