कॅसेट घालून खेळायचो तो टीव्ही गेम मुळात कुणाचा?

भावा, राजारामपुरीत आमच्या घरी होता तोही डुप्लिकेटच! मूळ मशीन निन्टेंडोचं फॅमिकॉम, जपानात जुलै १९८३ मध्ये आलेलं. डिझाइन मासायुकी उएमुरा यांचं. त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा पार झोपला होता. १९८५ मध्ये हेच मशीन रूप बदलून एनईएस नावानं तिकडं गेलं आणि धंदा परत उभा राहिला. जगभरात ६ कोटींवर मशीन खपली.

आपल्याकडं घरोघरी पोचल्या त्या मात्र नकला. '९९९९ इन वन' कॅसेटमध्ये खरे गेम मोजकेच, तेच फिरून फिरून यायचे.

मारिओची आख्खी कॅसेट फक्त ४० केबीची होती. म्हणून त्यातले ढग आणि झुडपं एकच चित्र, नुसता रंग वेगळा. डाव्या अंगठ्याखालचं अधिक चिन्हाचं बटणही निन्टेंडोच्याच गुनपेई योकोई यांचं. त्याचीच तऱ्हा आजच्या गेमच्या रिमोटवर दिसते.

आणि हो, कॅसेटमध्ये फुंकर मारून काही होत नव्हतं. काढून परत बसवली की पिना नीट टेकायच्या, एवढंच. उलट थुंकीनं पिना गंजायच्या.