वाचकांचे प्रश्न: पोर्क डम्पलिंग घरी करताना

उत्तर चीनमध्ये चांद्र नववर्षाच्या आदल्या रात्री घरोघरी होणाऱ्या जियाओझींबद्दल, म्हणजे पोर्क आणि चिनी कोबीच्या डम्पलिंगबद्दल, आलेले हे प्रश्न. उत्तरांमधली मापं साधारण 38 ते 40 नगांची आहेत.

प्रश्न: शिजल्यावर आतला खिमा कोरडा, घट्ट गोळा होतो. रस का राहत नाही?

बहुतेक वेळा चरबी कमी पडलेली असते आणि खिम्यात पाणी जिरवलेलं नसतं. 300 ग्रॅम खिमा घ्या, त्यात 30 टक्क्यांच्या आसपास चरबी हवी. खांद्याचं मांस यासाठी चांगलं. नुसत्या चरबीविरहित मांसाचा खिमा कितीही मेहनत घेतली तरी कोरडाच लागतो.

15 ग्रॅम आल्याच्या चकत्या आणि ठेचलेली एक कांद्याची पात 60 मिली गरम पाण्यात घालून ठेवा. पाणी पूर्ण गार झालं की गाळा. खिम्यात पाव छोटा चमचा मीठ, दीड मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन) आणि चिमूटभर पांढरी मिरपूड घालून आधी नीट ढवळा. मग आल्याचं पाणी चार वेळा थोडं थोडं घाला. आधीचं पाणी जिरल्याशिवाय पुढचं घालायचं नाही. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात आणि तीच हे पाणी धरून ठेवतात. म्हणून मीठ आधी, पाणी नंतर. एकाच दिशेने ढवळा असं सगळे सांगतात. खरं महत्त्व न थांबता, जोर लावून ढवळण्याला आहे. खिमा भांड्याच्या कडेला चिकटू लागला की झालं.

खिमा फ्रिजमधून काढलेला, थंडच असू द्या. कोमट झाला की चरबी मऊ होऊन वेगळी पडते आणि सारण तेलकट होतं. चव बघायची तर चमचाभर सारण तव्यावर पूर्ण शिजवून बघा, कच्चं कधीच नाही.

प्रश्न: कोबी मिसळल्यावर सारणाला पाणी सुटतं आणि पाऱ्या फाटतात.

250 ग्रॅम चिनी कोबी बारीक चिरून एक छोटा चमचा मीठ चोळा आणि 20 मिनिटांनी फडक्यात घालून घट्ट पिळा. पिळल्यावर तो निम्म्याच्या जवळपास उरतो. त्याला एक मोठा चमचा तिळाचं तेल चोळलं की कोबीत राहिलेलं पाणी सहज बाहेर येत नाही. कोबी आणि बारीक चिरलेली पात खिम्यात अगदी शेवटी, भरायला बसताना मिसळा.

प्रश्न: मैदा गार पाण्यात भिजवावा की गरम?

उकळत्या पाण्यात शिजवायच्या असतील तर गार. 300 ग्रॅम मैद्याला 150 मिली पाणी पुरतं. पीठ सुरुवातीला कोरडं वाटेल, पण पाणी वाढवू नका. 5 मिनिटं मळा, 10 मिनिटं झाकून ठेवा, पुन्हा मळून अर्धा तास मुरू द्या. मुरलेलं नसलं तर लाटलेली पारी आक्रसते.

गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि पारी मऊ होते. वाफवण्यासाठी आणि तव्यावर करण्यासाठी ती छान, पण खळखळत्या पाण्यात टिकत नाही.

12 ग्रॅमची लाटी बारीक लाटण्याने 8 ते 9 सेंटिमीटर लाटा. लाटणं कडेपासून मध्याच्या अलीकडेपर्यंतच न्यायचं आणि पारी फिरवत राहायची, म्हणजे मध्य जाड आणि कडा पातळ राहतात. कडा शेवटी दुहेरी होतात. त्या जाड असल्या तर कच्च्या लागतात. कडेला कोरडा मैदा किंवा सारणाचं तेल लागलं तर तोंड बंद राहत नाही. ताज्या पारीला पाण्याचं बोट लावायची गरज नसते, विकतच्या पारीला असते.

प्रश्न: चुण्या घालायलाच हव्यात का?

नाही. 14 ग्रॅम सारण भरा, आतली हवा काढा आणि अर्धचंद्र घट्ट दाबा. एवढं पुरेसं आहे.

प्रश्न: उकळताना फुटतात किंवा तळाशी चिकटतात.

दोन लिटर पाणी खळखळू द्या आणि एका वेळी 15 नगच सोडा. सोडल्याबरोबर डावाच्या पाठीने तळापासून हलकेच ढकला. उकळी आली की 100 मिली गार पाणी घाला, असं तीनदा करा. त्यामुळे पाणी सतत खळखळत नाही, पारी आपटून फुटत नाही आणि सारणाला शिजायला वेळ मिळतो. तिसऱ्या वेळी गार पाणी घातल्यावर पुन्हा उकळी आली की एक कापून बघा. थर्मामीटर असेल तर सारणाचं तापमान किमान 71 अंश सेल्सियस हवं.

प्रश्न: तव्यावरच्या खालून करपतात, वरून कच्च्या राहतात.

मध्यम आचेवर दोन मोठे चमचे तेलात तळ फिका सोनेरी होऊ द्या. मग नगांच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत गरम पाणी ओता, लगेच झाकण ठेवा आणि 7 मिनिटं उघडू नका. वरचा भाग वाफेवरच शिजतो. पाणी आटलं की झाकण काढा. चुरचुर बदलून तळल्यासारखी ऐकू आली की दोन मिनिटांत तळ कुरकुरीत होतो.

प्रश्न: आदल्या दिवशी भरून ठेवता येतील का?

फ्रिजमध्ये नको, सारणाचा ओलावा पारीत उतरून तळ फाटतो. मैदा भुरभुरवलेल्या ताटात सुट्या मांडून फ्रीजरमध्ये कडक करा, मग पिशवीत भरा. शिजवताना वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात सोडा आणि दोन-तीन मिनिटं जास्त द्या.