बाल्डर्स गेट ३ चौघांनी खेळताना पात्रं कशी ठरवावीत?

बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममध्ये चौघा मित्रांनाही फायटरच (शस्त्राने लढणारा) व्हायचंय, चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण निम्मी मजा जाईल. रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला जमाल तेव्हाच वाटणी करून टाका: पुढे लढायला फायटर, सोबत क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारा), विझार्ड (जादूगार) आणि कुलपं-सापळे बघायला ‘रोग’ (Rogue) क्लासवाला; क्लास म्हणजे पात्राचा पेशा.

क्लेरिक म्हणजे नुसता मलमपट्टीवाला नव्हे. त्याचा ब्लेस मंत्र पहिल्या लेव्हललाच तिघांच्या प्रत्येक हल्ल्याचा नेम ठरवणाऱ्या फाशात १ ते ४ ची भर घालतो. माझ्या मते सुरुवातीच्या लढाया यावरच निघतात. मात्र त्यावर एकाग्रता लागते. एकाग्रतेचा दुसरा मंत्र टाकलात की ब्लेस गेलाच, मार बसला तरी तुटू शकतो. म्हणून त्याला जरा मागेच ठेवा. धनुष्यवाल्याला उंचावर चढवा, तिथून हल्ल्याच्या फाशाला +२ मिळतात.

फायटरने पाचव्या लेव्हलपर्यंत दुसरा क्लास जोडण्याकडे बघूच नये. तिथे एका हल्ल्यात दोन वार मिळतात. विझार्डला फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्रही त्याच लेव्हलला.

क्लास नाही आवडला तर छावणीतलं विदर्स नावाचं पात्र १०० नाण्यांत बदलून देतं, त्यामुळे निवडीवरून भांडू नका.