पुस्तक छापण्याआधी तराजू काढा

वाचकांचे प्रश्न : स्वतःचं पुस्तक, स्वतःच्या खर्चानं

प्रश्न (कराड) : कादंबरीची डेमी (साधारण साडेपाच × साडेआठ इंच) आकारात १६० पानं होतात. हाताशी पन्नास हजार आहेत. छापखानेवाले म्हणतात, हजार प्रती काढा, प्रत स्वस्त पडेल. काढू का?

उत्तर : तीनशेच काढा. छापखानेवाले खोटं बोलत नाहीत. ऑफसेटला प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच होतो, तो जास्त प्रतींत वाटला जातो. पण उरलेल्या सातशे प्रती माळ्यावर बसल्या की ती स्वस्ताई तिथंच संपली. पहिल्या कादंबरीला तीनशे गिऱ्हाइकं मिळवणं हेच वर्षभराचं काम असतं.

आधी कागद मोजा. २३ × ३६ इंची एका तावात डेमीची ३२ पानं बसतात. म्हणजे प्रतीला पाच ताव, तीनशे प्रतींना १,५०० ताव : तीन रीम आणि वर थोडी नासधूस. कोटेशनमध्ये पाच रीम दिसल्या तर कशासाठी ते विचारा.

मग भाव. समजा छपाई-बांधणी प्रतीला ९० रुपये, आणि अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मिळून १८,००० रुपये. एकूण ४५,०००. किंमत २५० ठेवली आणि दुकानदारानं ४० टक्के कमिशन घेतलं, तर तुमच्या हाती १५०, छपाई वजा जाता ६०. नुसत्या दुकानातून विकायचं तर मुद्दल सुटायला तीनशेच्या तीनशे प्रती खपाव्या लागतील. तेच थेट वाचकाला २०० रुपयांत दिलं तर २२५ प्रतींतच सगळा खर्च निघतो. दुकानं हवीतच, पण त्यांच्या भरवशावर हिशोब मांडू नका. शिवाय तिथं माल बहुधा ‘विकल्यावर पैसे’ या बोलीवर जातो. दिलेल्या प्रतींच्या चलनावर, म्हणजे पोचपावतीवर, दुकानदाराची सही घ्या.

प्रश्न (तासगाव) : पोस्टानं पाठवायचं तर खर्च पुस्तकाच्या अंगावर येतो. उपाय?

उत्तर : उपाय कागद निवडतानाच करायचा असतो. डेमीचा एक सुटा कागद, म्हणजे पुढची-मागची दोन पृष्ठं, ७० जीएसएममध्ये (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या कागदात) साधारण २.१ ग्रॅम भरतो. १६० पृष्ठांचे १७० ग्रॅम, ३०० जीएसएम मुखपृष्ठाचे वीसेक, पाकिटाचे ३५. झाले सव्वादोनशे. पोस्टाच्या ‘ज्ञान पोस्ट’ सेवेत (मे २०२५ पासून) ३०० ग्रॅमपर्यंतचा सुरुवातीचा दर २० रुपये अधिक कर असा होता. त्या टप्प्यात या कागदाचं २२० पृष्ठांपर्यंतचं पुस्तक बसतं. हौसेनं १०० जीएसएम घेतलात तर १६० पृष्ठांतच टप्प्याच्या काठावर याल. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव हवं आणि जाहिराती नकोत. सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, म्हणून पहिलं पाकीट काउंटरवर उघडं नेऊन विचारून घ्या.

प्रश्न (वाई) : जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला. ठीक दिसतो. थेट छापू का?

उत्तर : अजिबात नको. रूपांतरात सगळ्यात आधी ‘ऱ्य’ मरतो. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’चा ‘दर्या’ झाला की डोंगरात समुद्र शिरतो, आणि शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर गप्प बसतं, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. फाइलमध्ये ‘र्य’ शोधा : सूर्य, कार्य, आचार्य सोडून द्या, वाऱ्यावर, पायऱ्या, शेतकऱ्यांना एकेक दुरुस्त करा. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय चालू नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट मोफत आहे. शेवटचं प्रूफ कागदावरच वाचा. मोबाइलवर डोळा सरावलेल्या चुका ओलांडून जातो.

प्रश्न (विटा) : आयएसबीएनसाठी (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी) एजंट तीन हजार मागतो.

उत्तर : देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करा, लेखकालाही फुकट मिळतो. नंबर येईपर्यंत मागचं मुखपृष्ठ छापू नका, बारकोड तिथंच बसतो. स्वतः प्रकाशक झालात म्हणजे १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला ३० दिवसांत एक प्रत स्वखर्चानं पाठवणंही आलं. इतर ठरलेल्या ग्रंथालयांनाही जाते, त्यामुळे चार प्रती आधीच बाजूला काढा.

प्रश्न (सातारा) : नात्यागोत्यात साठ प्रती गेल्या. आता फोन वाजत नाही.

उत्तर : साठ जण नातेवाईक होते, वाचक नव्हते. एक वही घाला : नाव, गाव, पिनकोड, कोणतं पुस्तक, कधी. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी करणार असाल तर ध्यानात ठेवा, ज्यानं तुमचा नंबर साठवलेला नाही त्याला निरोप पोचतच नाही. प्रत हातात देतानाच नंबर साठवायला सांगा. महिन्याला एकच निरोप, तोही वाचण्याजोगा.

फुकट प्रती वाटण्यापेक्षा पहिल्या प्रकरणाची १६ पानी पुस्तिका काढा. तिला अर्धा ताव लागतो. मध्ये दोन पिना, शेवटच्या पानावर नंबर आणि क्यूआर कोड. गावोगावच्या वाचनालयांत ती ठेवा, पण खरेदीचं विचाराल तर अनुदानाचा हप्ता जमा झाल्यावर. महाबळेश्वरजवळच्या भिलारला, ‘पुस्तकांच्या गावा’ला, प्रत दिलीत तर ती वाचली जाईल, विकली जाणार नाही, हे ठाऊक ठेवूनच द्या. संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनाला जाल तेव्हा तीस प्रती आणि दोनशे पुस्तिका न्या. किंमत सरळ २०० लावा, सुट्ट्या पैशांपायी गिऱ्हाईक हातचं जात नाही.