जुन्या वस्तूंनी ऋतूप्रमाणे घर कसं सजवावं? कोल्हापुरातल्या फ्लॅटमध्ये हे जमतं का?

तुम्ही लिहिलंय की राजारामपुरीत नवा फ्लॅट घेतलाय. गावाकडचं घर मोडल्यावर आजीची तांब्या-पितळेची भांडी, कंदील, घोंगडं, देवीची एक जुनी तसबीर, लोणच्याच्या बरण्या आणि पत्र्याची ट्रंक तुमच्याकडे आली. सगळं एकदम मांडलं तर घर भांड्यांचं दुकान वाटतं, माळ्यावर टाकायला मन होत नाही. ऋतूप्रमाणे थोडं थोडं काढता येईल का, आणि ट्रंक रंगवावी का, असं तुम्ही विचारलंय.

येतं की. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात सासूबाईंच्या हाताखाली मी हे शिकले आणि फ्लॅटमध्ये आल्यावरही तेच चालू ठेवलंय. त्यांचा हिशेब सरळ होता. ज्या वस्तूचं काम ज्या महिन्यात, ती त्या महिन्यात हाताशी. बाकीची पुसून, गुंडाळून आत. तुमच्या आजीच्या वस्तू एकेक करून हातात घ्या आणि विचारा, ही कधी लागायची? बंब आणि घंगाळ थंडीत, बरण्या वैशाखात लोणचं घातल्यावर, पानदान आणि गुलाबदाणी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, लामणदिवा नवरात्रात. आजीला ओळखणारी एखादी मावशी, आत्या असेल तर तिला फोन करून विचाराच. तुमचं वर्षाचं वेळापत्रक तिथेच तयार होईल.

मोबाईलवर ऋतूप्रमाणे सजावटीचे जे फोटो दिसतात त्यावरून मात्र ठरवू नका. लालपिवळी पानं आणि भोपळे तिकडच्या शरदाला शोभतात. आपल्याकडे त्या दिवसांत भात पिवळं पडायला लागलेलं असतं, दाराला झेंडू असतो आणि पुढे उसाला तुरा येतो. आपलं घर आपल्या बाहेरच्या हवेशी जुळलं पाहिजे.

कोल्हापुरात ही हवा म्हणजे मुख्यतः पाऊस. म्हणून मी वर्षाची सुरुवात मृगापासून धरते. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी काय आत जायचं हे ठरवणं मला काय बाहेर काढायचं यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती आधी ओल धरतात. त्या भिंतींवरच्या तसबिरी उतरवा आणि आतल्या भिंतीवर लावा. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळते आणि कागदाला बुरशी लागत नाही. घोंगडं, रेशमी लुगडी, वेताचं सामान या सगळ्याला मे महिन्यात ऊन दाखवून घ्या. फक्त रेशीम आणि जरीचं कापड थेट उन्हात टाकू नका, सावलीत हवेशीर ठेवलं की पुरतं. घोंगडं शेतकरी पावसात अंगावर घेतात हे खरं, पण ते नंतर शेकोटीजवळ वाळतं. बंद फ्लॅटमध्ये ओलसर राहिलेली लोकर वास धरते आणि तिला कसर लागते.

तांब्या-पितळेचं बरंचसं सामानही याच वेळी आत जातं. दमट हवेत तांबं भराभर काळवंडतं, पितळेवर डाग पडतात, आणि दर दोन दिवसांनी चिंच घेऊन बसायला कुणाला वेळ आहे? त्याऐवजी ज्या वस्तूंना ओलीचं काही वाटत नाही त्या बाहेर काढा. चिनी मातीच्या बरण्या, दगडी खल, एनॅमलच्या थाळ्या, काचेची चिमणी असलेला कंदील. खाली तपकिरी, वर दुधी अशा दोन रंगांच्या बरण्या पावसाळ्यातल्या करड्या उजेडात फार सुंदर दिसतात. तीन बरण्या उंचीप्रमाणे खिडकीत ठेवल्या आणि एकीत तेरड्याच्या फांद्या घातल्या की त्या कोपऱ्याला दुसरं काही लागत नाही. दिवाणखान्यात घोंगड्याच्या जागी साधी चटई. गगनबावडा, राधानगरीकडे कुणी ओळखीचं असेल तर भातलावणीचं इरलं मिळतंय का बघा. बांबूच्या कामट्या आणि पानांचं ते विणकाम कोरड्या आतल्या भिंतीवर लावलं तर बघणाऱ्याचे हात आपोआप तिकडे जातात.

पण आषाढात एक कळशी मी मुद्दाम बाहेर काढते. त्र्यंबोली देवीच्या यात्रेसाठी गल्लीगल्लीतून पंचगंगेचं नवं पाणी कलशातून टेकडीवर नेतात आणि 'पी ढबाक' हे पारंपरिक वाद्य वाजायला लागतं, त्या आठवड्यात घरात एक तरी घासलेली कळशी पाहिजे असं मला मनापासून वाटतं. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, कुंभाराकडून मातीचे बैल आणले की ते जुन्या पायलीवर किंवा पाटावर ठेवते. नवीन आणि जुनं असं शेजारी बसलं की दोन्हीला अर्थ येतो.

राजारामपुरी उंचावर आहे, तुम्हाला पुराची काळजी नाही. पण हे उत्तर दुधाळी, शाहूपुरीच्या खालच्या गल्ल्या किंवा कुंभार गल्लीकडचं कुणी वाचत असेल तर सांगते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आहे आणि धोका पातळी 43 फूट. पाणी 39 च्या आसपास आलं की तळमजल्यावरच्या लाकडी पेट्या, चौरंग, तसबिरी वर न्यायला सुरुवात करा. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर हे वेगळं पटवून द्यायची गरज उरलेली नाही. पितळ पुरातून धुऊन निघतं. शिसवीचं फणेरपेटीसारखं (आरसा-कंगव्याची पेटी) नाजूक काम आणि कागद परत मिळत नाही.

गौरी-गणपतीत हात आखडता घेऊ नका. ते दिवस सगळं बाहेर काढायचेच असतात. समया, पराती, चौरंग, खणाच्या कापडाचं तोरण, गौरीपुढे फराळाच्या राशी मांडायला रोवळ्या आणि सुपं. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी आवरायचं. नवरात्रात मात्र एकच गोष्ट ठेवते, लामणदिवा. त्याची साखळी आणि हुक आधी दोनदा तपासा, खाली थाळी ठेवा, आणि तेल पेटतं असताना जवळ पडदा नको.

आता उजेडाबद्दल, कारण याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. अंबाबाईचा किरणोत्सव तुम्हाला माहीत आहेच. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखेला आणि परत 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणं देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. या दोन्ही वेळा 22 डिसेंबरच्या आसपासच्या सर्वांत लहान दिवसापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, म्हणून सूर्य दोन्ही वेळा क्षितिजावर त्याच जागी मावळतो. बांधणाऱ्यांनी ते ओळखलं होतं. तुमच्या घरातही तसंच चालतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येतं आणि संध्याकाळी नैऋत्येकडून. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी तो कोल्हापुरात थेट डोक्यावर असतो, तेव्हा तेच ऊन खिडकीच्या उंबऱ्यावरच थांबतं.

याचा उपयोग असा. किरणोत्सवाच्या दिवसांत तुमच्या घरात संध्याकाळी ऊन कुठे पडतं ते बघून ठेवा. तीच पितळेची जागा. पाऊस गेलेला असतो, हवा कोरडी असते, घासलेलं भांडं बराच काळ झळाळतं. घंगाळ किंवा मोठी परात भिंतीला टेकवून उभी केली की तिच्यावरून उजेड पलीकडच्या भिंतीवर जातो आणि थंडीतली ती खोली उबदार वाटायला लागते. आणि त्याच जागेवर तसबीर, जुने फोटो, लुगडं कधीही नको. कागदाचे आणि कापडाचे रंग उन्हाने उडतात, ते पुन्हा येत नाहीत. बंब असेल तर तो बाल्कनीच्या आडोशाला ठेवा, त्याला भोक पाडून दिवा करू नका किंवा माती भरून झाड लावू नका. ओल्या मातीने तांबं आतून खराब होतं आणि भोक पाडलेला बंब पुन्हा बंब होत नाही. घोंगडं आणि वाकळ याच दिवसांत बाहेर. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पानदान, अडकित्ता, अत्तरदाणी एका तबकात. बायका हळदीकुंकवाला आल्या की हमखास त्यावरूनच गप्पा सुरू होतात.

चैत्र सोपा आहे. वजनदार सगळं आत आणि पाणी दिसू द्या. माठ, फिरकीचा तांब्या, वाळ्याची जुडी. घंगाळात मोगरा तरंगत ठेवायचा असेल तर आत काचेचं भांडं ठेवून त्यात पाणी घाला, नाहीतर घंगाळावर पाण्याची रेघ उमटते. पन्हं किंवा कुठलंही आंबट मात्र कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नका, कळकतं आणि पोटाला बाधतं. शोभेच्या भांड्याला कल्हईची गरज नाही, वापरायचं असेल तरच करून घ्या. भांडं तापवून, नवसागर टाकून कथील फिरवणारा कल्हईवाला अजून शोधला तर सापडतो.

एका वेळी खोलीत तीन-चार जुन्या वस्तू पुरे. माझं मत विचाराल तर त्यातली एक मोठी असावी आणि बाकीच्या हातात मावतील अशा. शेल्फभर छोटे छोटे तांबे, फुलपात्रं ओळीने मांडली की कुठल्याच एकाकडे नजर थांबत नाही.

नवीन काही घ्यायची घाई नको, पण घ्यावंसं वाटलंच तर आधी भांड्यांच्या दुकानात मोडीत काय आलंय ते विचारा. मोडीतली भांडी वजनावर मिळतात आणि त्यात खरं वापरलेलं सामान असतं. भांड्याच्या काठावर कोरलेलं नाव आणि तारीख असेल तर ते भांडं माझ्या दृष्टीने जास्त मोलाचं. यंत्रावर पॉलिश करून आणलेल्या वस्तूंवरची नक्षी बोथट झालेली असते, बोट फिरवून बघा. जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या देवादिकांच्या तसबिरी भिंगातून पाहा. छपाईचे ठिपके अगदी ओळीत, एकसारखे दिसले तर ती अलीकडची छपाई. राजा रवि वर्मा यांच्या 1894 साली सुरू झालेल्या छापखान्यातली चित्रं शिळाछपाईची, त्यांत ठिपके आणि पोत अनियमित दिसतो. तुमच्या देवीच्या तसबिरीवरही हे करून बघा, आणि जुनी निघाली तर काच काढून आपण पुसायला जाऊ नका.

एक गोष्ट मात्र घरात आणू नका. शेतात, पडक्या देवळापाशी सापडलेले वीरगळ, कोरीव दगड, जुन्या मूर्ती. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या अशा कलावस्तू पुरावशेष ठरतात, मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी वीरगळ म्हणजे त्या गावात लढून पडलेल्या माणसाची आठवण आहे. तो त्या गावातच राहावा.

घासण्याचं म्हणाल तर चिंचेचा कोळ किंवा लिंबू-मीठ, मऊ कापड, लगेच भरपूर पाणी आणि लगेच कोरडं पुसणं. आंबट राहिलं तर दुसऱ्या दिवशी हिरवे डाग येतात. तारेची घासणी नको. चांदीचा किंवा इतर मुलामा असलेल्या वस्तूला चिंच लावू नका, मुलामा निघेल. आत ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, ओल आतच कोंडते. धुतलेलं जुनं सुती लुगडं किंवा धोतर सगळ्यात चांगलं.

आणि ट्रंक रंगवू नका. गंज असेल तेवढ्याच जागी बारीक पॉलिश पेपर फिरवा, रॉकेलच्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. मूळ रंग आणि आजीचं नाव लिहिलेलं असेल तर तिथे काहीच करू नका. पत्रा गंजून भोक पडलं असेल तरच आतून पट्टी लावून तेवढ्या भागाला प्रायमर द्या. ट्रंक फरशीवर थेट न ठेवता दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब. वर वाकळीची घडी टाकली की बसायला जागा होते, आणि आत त्या ऋतूत न लागणारं सामान. कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि कापडात बांधलेला कापूर घाला. कापूर उडून जातो, तो अधूनमधून बदलावा लागतो. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा, कुठल्या महिन्यात काय काढायचं आणि काय ठेवायचं. मावशीने, आत्याने फोनवर जे सांगितलं असेल ते तिच्याच शब्दांत त्या यादीत लिहा.