लघवीचं कल्चर, पहिल्या गोळीच्या आधी

प्रश्न : आईला (वय 62) वर्षभरात तिसऱ्यांदा लघवीला जळजळ सुरू झाली. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून तीच गोळी आणली. दोन दिवस घेतली, उतार नाही. डॉक्टरांनी कल्चर (लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर औषधं तपासणारी चाचणी) सांगितलं. सकाळचा नमुना मी दुपारी धंतोलीला लॅबमध्ये नेला. रिपोर्ट आला : ‘मिश्र वाढ, पुन्हा नमुना द्या.’ आईच्या अंगाला गोळीची सवय झाली का? जास्त पावरची घ्यावी का?
— एक वाचक, महाल

उत्तर : सवय अंगाला होत नाही, जंतूंना होते. असा संसर्ग बहुतेकदा ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा असतो. प्रत्येक कोर्समध्ये कच्चे जंतू मरतात, गोळीला न जुमानणारे उरतात, आणि पुढचा संसर्ग त्यांचाच होऊ शकतो. तिथे ‘पावर’ वाढवून भागत नाही, औषधच बदलावं लागतं. कोणतं, ते कल्चर सांगतं. सुरू असलेल्या गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना आजच विचारा.

आता नमुना. ‘मिश्र वाढ’ म्हणजे बहुधा कातडीवरचे जंतू डबीत उतरले. आईंनी हात धुवावेत, जागा साध्या पाण्याने धुऊन पुढून मागे पुसावी. पहिली धार सोडून मधली 10-20 मिली लॅबच्या निर्जंतुक डबीत धरावी. झाकणाला आतून बोट लागू देऊ नये. डबी तासाभरात लॅबमध्ये पोचवा. ई. कोलाय उबेत वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे तीन तासांत एकाचे 512! नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत राहिलेल्या डबीतला जंतूंचा आकडा मग आईंचा राहतच नाही, उन्हाचा होतो. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नको), बर्फाच्या पॅकसोबत न्या आणि 24 तासांच्या आत द्या. नमुना खरं तर पहिल्या गोळीआधीच द्यायचा असतो. आता गोळी पोटात गेली आहे, तेव्हा तिचं नाव आणि किती दिवस घेतली ते लॅबच्या फॉर्मवर लिहाच. नाहीतर गोळीने जंतू दबल्यामुळे आलेल्या ‘वाढ नाही’ या शब्दांनी डॉक्टरांची दिशाभूल होईल.

रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. ‘एस’ म्हणजे लागू पडणारं, ‘आर’ म्हणजे न पडणारं. शेजारचे एमआयसीचे (जंतूची वाढ थांबवायला औषधाचं कमीत कमी किती प्रमाण लागतं, त्याचे) आकडे बघून ‘सर्वात लहान आकडा, सर्वात चांगलं औषध’ असं ठरवू नका. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या किंवा बरळणं दिसलं तर रिपोर्टसाठी थांबू नका. त्याच दिवशी आईंना मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात न्या.