आळशी झालीस, की रक्त कमी झालंय?

प्रिय मुली,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. ‘मावशी, पुस्तक उघडलं की डोकं बधिर होतं. दोन पानं वाचते आणि काहीच आठवत नाही. सगळे पुढे गेले, मीच आळशी झालेय बहुतेक.’ उत्तर मेसेजवरच देता आलं असतं, पण तू ‘ओके मावशी’ लिहून पुन्हा पुस्तकात डोकं घातलं असतंस. म्हणून सविस्तर लिहिते.

मी डॉक्टर नाही, हे तुला ठाऊक आहेच. मी रक्त काढणारी बाई. लातुरात क्लासेसच्या भागात लॅब असली की खुर्चीत बसणारं निम्मं माणूस तुझ्याच वयाचं असतं. पोरगी बसली की मी दंडाला पट्टा बांधायच्या आधी तिची खालची पापणी जरा खाली ओढते, जीभ बाहेर काढायला लावते, नखं बघते. मग हळूच विचारते, ‘कोरडे तांदूळ खातेस का गं? माती? पाटीवरची पेन्सिल?’ बहुतेक जणी आधी नाही म्हणतात. सुई निघाली, कापसाचा बोळा दाबून धरला, की त्यातलीच एखादी म्हणते, ‘तुम्हाला कसं कळलं?’ त्यात जादू काही नाही. अंगात लोह कमी झालं की काहींना असलं खावंसं वाटतं, बर्फ चघळावासा वाटतो. याला घरी ‘घाणेरडी सवय’ म्हणतात आणि पोरीला रागावतात.

तुझ्या ‘आळशी’ या शब्दावर माझा राग आहे तो याचसाठी. तपासणी व्हायच्या आधीच तू स्वतःला नाव ठेवून मोकळी झालीस.

तुझ्या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. साडेनऊचा रिपोर्ट हातात दिला तर पोरी म्हणतात, ‘आमच्या रूममध्ये सगळ्यांचंच एवढं आहे.’ खरं आहे ते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला. (मुलांनीही फार हसू नये, त्यांच्यात ३१ टक्के.) पण सगळ्यांचं कमी आहे म्हणून ते पुरेसं ठरत नाही. जिना चढताना छातीत धडधडणं, प्रार्थनेला उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, हे सगळ्या रूमला होत असलं तरी दुखणंच आहे.

आता अभ्यासाचं. तुला बायोलॉजी शिकवायला नको. हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं हे तू झोपेतही सांगशील. पण मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार व्हायलाही लोह लागतं, आणि लक्ष टिकणं, काही करावंसं वाटणं हे बरंचसं त्याच्याशी बांधलेलं आहे. शिवाय हिमोग्लोबिन उतरायच्या आधी शरीरातला साठा संपतो, तो फेरिटिनच्या तपासणीत दिसतो. अमेरिकेत बाल्टिमोरच्या शाळकरी मुलींवरचा एक अभ्यास १९९६ साली छापून आला होता. त्या मुलींना रक्तक्षय नव्हता, फक्त लोहाचा साठा कमी होता. ज्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या त्यांचं शब्द लक्षात ठेवण्याचं काम नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा सुधारलं. ‘दोन पानं वाचते आणि आठवत नाही’ याचा स्वभावाशी संबंध लावण्याआधी मी म्हणूनच ट्यूब भरून घेईन.

आणि कमी का होणार नाही? घरी ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची नाहीतर तांदुळजाची भाजी होती. मेसमध्ये बटाट्याचा रस्सा, तळ दिसणारी डाळ आणि भात. त्यावर चहा. चहावर मी जास्त बोलणार आहे, कारण तो तुला दोन बाजूंनी मारतोय. जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या घेतला की अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि रात्री अकराला घेतला की झोप लांबवतो. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको आणि संध्याकाळनंतर तर नकोच. त्याऐवजी ताटात लिंबाची फोड ठेव, आवळा मिळाला तर आवळा. भाजी-डाळीतलं लोह त्याने चांगलं शोषलं जातं.

गूळ-शेंगदाणे खा, बीटही खा, मला काही हरकत नाही. पण त्यांच्या जिवावर नऊचे बारा होत नाहीत. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं हे आपण मनाशी ठरवलेलं आहे. एवढी घट झाली असेल तर डॉक्टर देतील ती गोळी घ्यावी लागते. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळायची आणि तुम्ही ती खिडकीतून फेकायचात, तशीच ही, लोहाची. शौच काळं होईल, घाबरू नकोस. मळमळलं तर जेवणानंतर घे, फक्त दुधाबरोबर आणि चहाबरोबर नको. आकडा वर आला म्हणून लगेच थांबवायचं नसतं, साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात. जंताची गोळी राहिली असेल तर तीही विचार. आणि नेमाने गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही, रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, खालीच राहिला, तर थॅलेसेमिया मायनर हा आईबापाकडून येणारा रक्तदोष आहे का हे बघावं लागतं. तेव्हा लोह ढकलत बसणं बरोबर नाही.

पाळीबद्दल तू कधी बोलत नाहीस, म्हणून मीच विचारते. सात दिवसांच्या वर जाते का? दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का? गाठी पडतात का? यातलं एकही ‘हो’ असेल तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांग. पोरी सर्दी सांगतात, केस गळतात सांगतात आणि हे सांगत नाहीत.

झोपेचं थोडक्यात. तुझ्या वयाला आठ ते दहा तास लागतात. या वयात शरीराचं घड्याळही उशिरा सरकतं, रात्री अकरापर्यंत झोप येत नाही हा तुझा दोष नव्हे. पण दीडला झोपून पाचच्या अभ्यासिकेला पळालीस तर दिवसभर पाठ केलेलं पक्कं व्हायला वेळच उरत नाही, कारण ते काम झोपेत होतं. पाचची अभ्यासिका सोड. रेक्टर मॅडम ऐकत नसतील तर मी बोलते.

एवढं वाचून ‘म्हणजे सगळा रक्ताचाच घोटाळा’ असं म्हणशील. तसं नाही. रिपोर्ट अगदी साफ येतो आणि पोरीचं तरीही काही बरं नसतं, हेही मी बघते. एक जण दर सोमवारी यायची, पोटात दुखतं म्हणून. सोनोग्राफी, लघवी, रक्त, सगळं नॉर्मल. टेस्ट सिरीजचा पेपर रविवारी असायचा, आणि निकाल लागेपर्यंत तिच्या पोटात पीळ. ‘नाटक करते’ असं तिच्याबरोबर आलेल्या मामांनी माझ्यासमोर म्हटलं. पोट खरंच दुखत होतं, फक्त त्याचं कारण पोटात नव्हतं. तिला औषधापेक्षा कुणीतरी मार्कांचं न विचारता बोलण्याची गरज होती, आणि समुपदेशक बाईंकडे जायला लागल्यावर तिचं येणं कमी झालं.

किडस्क्रीन नावाची एक प्रश्नावली आहे, युरोपात तयार झालेली, आठ ते अठरा वयाच्या मुलांचं जगणं कसं चाललंय हे मापायला. तिच्या एका आवृत्तीत २७ प्रश्न आहेत आणि उत्तर गेल्या आठवड्याचं द्यायचं. अंगात उत्साह होता का, स्वतःसाठी वेळ मिळाला का, मैत्रिणींबरोबर मजा केली का, आईवडिलांनी नीट वागवलं का, लक्ष देता आलं का. शाळेबद्दल विचारतात, पण किती मार्क पडले हे कुणी विचारत नाही. रविवारी रात्री हेच स्वतःला विचार आणि खरं उत्तर वहीच्या मागच्या पानावर लिही. मला दाखवायची गरज नाही. चार आठवडे सलग सगळीकडे ‘नाही’ आलं, तर मात्र दाखव.

आणि एक गोष्ट चार आठवडे थांबायची नाही. जगण्यात राम नाही, आपण नसलो तरी चालेल, असं मनात आलं तर त्याच क्षणी रूममेटला उठव, मला फोन कर, आईला कर. आमच्यापैकी कुणी उचललं नाही तर १४४१६ लाव. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, रात्रंदिवस चालते, मराठीतही बोलतात. नंबर आत्ताच सेव्ह कर, पत्र पुढे वाचण्याआधी. मानसोपचाराची ओपीडी इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजातही आहे. पुढे तिथेच शिकायला जायची तुझी इच्छा आहे ना, मग पेशंट म्हणून जायला लाज कसली?

घरी काय सांगायचं हा तुझा पुढचा प्रश्न असणार. बाबांना ‘अभ्यास होत नाही’ असं सांगू नकोस, ते फीचा हिशोब मांडतील. ‘चक्कर येते, तपासून घेते’ एवढंच सांग. खोटंही नाही आणि त्यांना समजेलही. बाकीचं आईशी मी बोलेन, तुला चालत असेल तरच.

बुधवारी क्लास सुटल्यावर ये. सीबीसीला, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजायच्या तपासणीला, उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा नीट खाऊन ये. गेल्या वर्षीचा रिपोर्ट असेल तर आण. एकटी येऊ नकोस, ती सारखी बर्फ खाणारी रूममेट आहे ना, तिलाही घेऊन ये.

तुझी,
मावशी